ठेंगणा घोडा आणि थोराड सोबती: एकाच कुरणात सोडावेत का?

मिनिएचर घोडा पहिल्यांदा समोर आला की बहुतेक वेळा बिचकतो तो मोठा घोडा. पाचशे किलोचं धूड कान टवकारतं, नाकपुड्या फेंदारून फुरफुरतं आणि शेपूट उंचावून कुरणाच्या दुसऱ्या टोकाला पळून जातं. समोरचं जनावर आपल्याच जातीचं आहे हे वासावरून पटायला त्याला थोडा वेळ लागतो. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हौसेने घोडे पाळणाऱ्यांना हा तमाशा चांगला परिचयाचा आहे. घोडा कळपात राहणारा प्राणी, एकटा पडला की खंगतो. म्हणून कमी जागेत, कमी चाऱ्यात भागणारा मिनी त्याला सोबत म्हणून आणतात. मग प्रश्न येतो: दोघांना एकत्र मोकळं सोडायचं का?

मिनी म्हणजे किती लहान? १९७८ साली स्थापन झालेली ‘अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन’ ३४ इंचांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटरच्या घोड्याचीच नोंद करते. ही उंची पाठीकडच्या टोकाला आयाळीचे शेवटचे केस असतात तिथे मोजतात. मिनींच्या रक्तात स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवरच्या शेटलंड पोनी या बुटक्या जातीच्या घोड्याचा मोठा वाटा आहे. त्या बेटांवर थंडी, वारा आणि निकस गवत. ही पार्श्वभूमी पुढे कामाला येणार आहे.

आधी थोडं गणित करू. साधारण मोठा घोडा खांद्याशी १६० सेंटिमीटर उंच धरला, तर मिनीची उंची त्याच्या निम्म्याहून जराशी जास्त भरते. पण वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात बदलतं. त्यामुळे पाचशे किलोच्या घोड्यापुढे मिनीचं वजन ऐंशी किलोच्या आसपास येतं, आणि प्रत्यक्षातले मिनीही साधारण त्याच पट्ट्यात असतात. हाडाची ताकद ठरते त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावरून, आणि क्षेत्रफळ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. हिशेब ढोबळ आहे, पण मिनीचं हाड मोठ्याच्या हाडाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही भक्कम नाही असं त्यातून निघतं. लाथ मात्र पाचशे किलोवाल्याची.

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असतं. घोड्यांनाही ते ठाऊक असतं. कळपात झाडलेल्या अनेक लाथा लागण्यासाठी नसतातच. ‘सरक मागे’ एवढाच त्यांचा अर्थ असतो. बरोबरीच्या घोड्याला लाथ लागलीच, तर बऱ्याचदा पुठ्ठ्याच्या किंवा मांडीच्या जाड स्नायूंवर बसते. मिनीच्या बाबतीत अडचण उंचीची आहे. मोठ्या घोड्याचा मागचा खूर ज्या उंचीवरून सुटतो, तिथेच मिनीचा जबडा, कवटी आणि मान असते. बरोबरीच्या घोड्याला चाटून गेली असती ती लाथ इथे जीव घेऊ शकते, आणि झाडणाऱ्याच्या मनात तसं काही नसतानाही.

त्यात खुराला नाल असेल तर परिणाम आणखी वाईट. स्वित्झर्लंडमधल्या ज्यूरिख विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी घोड्याच्या पायाच्या हाडांवर प्रयोगशाळेत लाथेसारखे आघात करून पाहिले. सेकंदाला आठ मीटर वेगाच्या आघाताने पोलादी नालेखाली बहुतेक हाडं मोडली. त्याच वेगाला नुसत्या खुराच्या शिंगासारख्या पदार्थाने ती मोडली नाहीत. त्यामुळे मिश्र कळप करायचा असेल तर मोठ्या घोड्यांच्या निदान मागच्या पायांच्या नाली नालबंदाकडून काढून घ्याव्यात. माझ्या मते ही सूचना नाही, अट आहे.

आता उलट बाजू. कळपातला मान उंचीवर ठरतो असं आपल्याला वाटतं, पण घोड्यांच्या कळपांत वय, कळपातली जुनी वस्ती आणि स्वभाव यांचं वजन मोठं असतं. कान मागे पाडून, मान फिरवून आलेली म्हातारी शेटलंड घोडी दुप्पट उंचीच्या घोड्याला गवतापासून हुसकावते, हे दृश्य दुर्मीळ नाही. मिनी स्वतःला लहान समजत नाही. त्याचं वागणं पूर्ण वाढलेल्या घोड्याचं असतं आणि कधी कधी हा ताठाच त्याला महागात पडतो. म्हणून ‘मोठा घोडा चालेल का’ यापेक्षा ‘कोणता मोठा घोडा’ हे विचारावं. शांत, पोक्त, चाऱ्यावरून न भांडणारा घोडा वर्षानुवर्षं मिनीबरोबर सुखाने चरतो. तरुण, खच्ची केलेले, मस्तीखोर घोडे मात्र टाळावेत. त्यांचा खेळ म्हणजे मानेला चावणं, पुढचे पाय उचलून अंगावर येणं. खेळगडी ऐंशी किलोचा असला की त्याची मान दातांत धरून ओढलीही जाते. शिंगरू पायाशी असलेली घोडीही नको.

ओळख घाईने करू नये. आधी शेजारशेजारच्या आवारात ठेवून कुंपणाआडून वास घेऊ द्यावा. काही दिवस, जमल्यास काही आठवडे. मग मोठ्या, मोकळ्या जागेत एकत्र सोडावं, जिथे कोपऱ्यात कोंडी होणार नाही. भांडणं बहुतेक चाऱ्यावरून, नाहीतर अरुंद फाटकात होतात. म्हणून गवताचे ढीग घोड्यांच्या संख्येपेक्षा जास्त आणि लांब लांब टाकावेत. एक युक्ती मला फार आवडते: आवाराच्या एका भागाला असा आडवा दांडा लावायचा की त्याखालून फक्त मिनी जाऊ शकेल. आत त्याचा चारा, आणि पाठलाग झाला तर आडोसाही. पाण्याचा हौदही बुटका हवा; उंच हौदाच्या काठावरून मिनीचं तोंड पाण्यापर्यंत पोहोचत नाही.

लाथेची भीती सगळ्यांना असते. कुरणातलं दुसरं संकट चटकन डोळ्यांत भरत नाही, आणि ते गवतातच असतं.

निकस बेटावर तगलेल्या पूर्वजांमुळे मिनीचं शरीर थोडक्यात भागवण्यात पटाईत आहे. मोठ्या घोड्याला पोसणारं हिरवंगार कुरण त्याच्यासाठी साखरेचं कोठार ठरतं. जास्त साखर आली की रक्तातलं इन्सुलिन चढतं, आणि अशा जनावरांत ते अवाजवी चढतं. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी पोनींच्या रक्तात इन्सुलिनची पातळी सलग दोन-तीन दिवस चढी ठेवली, तेव्हा त्यांना लॅमिनायटिस झाला. खुराचं कवच आणि आतलं हाड यांना जोडणाऱ्या नाजूक पापुद्र्यांचा हा आजार. पापुद्रे सैल पडले की जनावराचं वजन पेलणारं हाड खुरात सरकतं, फिरतं. प्रत्येक पाऊल वेदनेचं होतं. चरण्याचे तास कमी केले की प्रश्न सुटेल असं वाटतं, पण पोनी मिळालेल्या वेळात झपाट्याने खाऊन भरपाई करतात. तोंडाला छिद्रांची मुसकी बांधणं किंवा त्यांच्यासाठी कमी गवताची वेगळी पट्टी राखणं जास्त उपयोगी. कडक थंडीच्या रात्रीनंतरची उन्हाची सकाळ विशेष वाईट, कारण गारठ्यात गवताची वाढ थांबते आणि दिवसा तयार झालेली साखर पात्यांतच साठून राहते.

याच्या अगदी उलटही घडतं, आणि ते जास्त वेगाने जिवावर बेततं. दांडग्या सोबत्याने मिनीला चाऱ्यापाशी फिरकूच दिलं नाही, किंवा धास्तीने त्यानेच खाणं सोडलं, तर शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडू लागतं. मोठ्या घोड्यात या सोडण्याला सहसा लगाम बसतो. मिनी, शेटलंड आणि गाढव यांच्यात तो ढिला असतो. चरबीचा लोंढा यकृतात शिरतो, रक्तातला द्रव दुधासारखा गढूळ होतो. हायपरलिपीमिया नावाचा हा विकार लठ्ठ जनावरांत आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या घोड्यांत जास्त दिसतो आणि उपचाराला उशीर झाला तर प्राण घेतो. म्हणून नव्या कळपात सोडलेल्या मिनीच्या अंगावरच्या जखमा पाहाव्यातच, पण तो खातोय का, हे त्याआधी पाहावं. मलूल, चाऱ्याकडे पाठ फिरवलेला मिनी दिसला तर उद्यापर्यंत वाट पाहू नये. लठ्ठ मिनीला ‘उपाशी ठेवून बारीक करू’ हा बेतही याच कारणाने घातक.

जंताच्या औषधातही हाच वजनाचा घोळ आहे. एका कुरणात चरणाऱ्यांचे जंत सामाईक, म्हणून औषध एकाच दिवशी दिलं जातं. पण पेस्टची नळी भरलेली असते मोठ्या घोड्याच्या हिशेबाने. मॉक्सिडेक्टिनसारख्या औषधात सुरक्षित आणि विषारी मात्रेतलं अंतर कमी असतं. मिनीला अंदाजाने न देता वजन करूनच द्यावं.

नर खच्ची केलेला नसेल तर एकत्र ठेवूच नये. केंब्रिजचे संशोधक वॉल्टन आणि हॅमंड यांनी शायर या अवाढव्य जातीचे घोडे आणि शेटलंड यांचा कृत्रिम रेतनाने संकर केला होता; १९३८ साली त्यांनी निष्कर्ष छापले. जन्मतः शिंगराचा आकार बराचसा आईच्या आकाराने ठरतो, असं त्यात दिसलं. शायर आईचं संकरित शिंगरू शेटलंड आईच्या शिंगरापेक्षा सुमारे तिप्पट वजनाचं होतं. पण म्हणून मिनी घोडी निर्धास्त नाही. मोठ्या नराचा भार अंगावर घेणंच तिला धोक्याचं, आणि मिनींत शिंगरांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असल्याने वेत मुळातच अवघड जातं.

राहिलं कुंपण. मोठ्या घोड्यासाठी घातलेल्या दांड्यांखालून मिनी आरामात बाहेर जातो आणि मोकाट कुत्रे तिथूनच आत येतात. कुत्र्यांच्या टोळीपुढे या चणीच्या घोड्याचा निभाव लागणं कठीण. जमिनीपर्यंत आलेली, साधारण पाच बाय दहा सेंटिमीटर घरांची विणलेली तारेची जाळी बरी पडते. घरं त्याहून मोठी असली तर मिनीचा इवलासा खूर त्यात अडकतो.