मागचा शॉकअप म्हातारा होतो तो कुठे?

साठ-सत्तरच्या दशकातली एखादी मोटोक्रॉस गाडी, म्हणजे मातीच्या खडबडीत ट्रॅकवर शर्यतीला पळवायची मोटारसायकल, वर्षानुवर्षं पडून असते आणि एक दिवस तिला पुन्हा मातीत उतरवायचं ठरतं. सगळं लक्ष इंजिनाकडे जातं. मागचे दोन शॉकअप हाताने दाबून बघितले जातात आणि खाली-वर झाले की ‘चालतंय’ असा निकाल लागतो. पण हाताला त्यात मुख्यतः स्प्रिंगच कळते, आणि जुन्या शॉकअपमध्ये सगळ्यांत कमी बिघडणारी वस्तू तीच असते.

‘स्प्रिंग नरम पडलीय’ हे आपण सर्रास ऐकतो. प्रत्यक्षात स्प्रिंगचा कडकपणा चारच गोष्टींवर ठरतो: पोलादाचा जातिगुण, तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या. वापराने यातलं काहीच बदलत नाही. फार तर स्प्रिंग थोडी बसते, उंचीला काही मिलिमीटर कमी होते, आणि तेवढं प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला बसवतानाच दिलेला दाब, वाढवून भरून काढता येतं. अपवाद फक्त गंजाचा. या हिशेबात तारेची जाडी चौथ्या घातात येते. तार 5 टक्के झिजली की कडकपणा जवळपास 19 टक्क्यांनी उतरतो. शिवाय गंजाच्या खळग्यातून तडा सुरू होतो. अशी स्प्रिंग रंग देऊन वाचवू नये, बदलावी.

खरं म्हातारपण स्प्रिंगच्या आतल्या डँपरला येतं. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते आणि लगेच परत फेकते. ती एकटीच असती तर एका उंचवट्यानंतर गाडी बराच वेळ उड्या मारत राहिली असती. ती ऊर्जा संपवायची जबाबदारी डँपरची. ऑइलने भरलेली नळी, तिच्यात रॉडच्या टोकाला पिस्टन आणि पिस्टनमध्ये बारीक वाटा. चाक हललं की ऑइल या वाटांमधून रेटलं जातं आणि हालचालीची उष्णता होते. किती, याचा ढोबळ अंदाज काढता येतो. डँपरचा सरासरी विरोध 500 न्यूटन आणि पिस्टनची सरक 100 मिलिमीटर धरली, तर एका हालचालीत 50 जूल खर्च होतात. खडबडीत ट्रॅकवर सेकंदाला अशा दोन हालचाली म्हणजे 100 वॉट. आत ऑइल असतं साधारण 100 मिलिलिटर. उष्णतेला बाहेर वाटच मिळाली नाही, तर ते मिनिटाला 35 अंशांनी तापेल! शॉकअपची बॉडी आणि वारा मिळून बरीच उष्णता काढून नेतात हे खरं, पण शर्यत काही एका मिनिटाची नसते. ऑइल तापलं की पातळ होतं आणि डँपरचा जोर ओसरतो.

सत्तरच्या दशकात हे दुखणं फारच वाढलं. तोवर मागच्या चाकाचा प्रवास साधारण 4 इंच असायचा. चाकाला जास्त खाली-वर जाऊ दिलं तर वेग जास्त ठेवता येतो हे शर्यतवाल्यांना उमगलं, आणि शॉकअप स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्यावर, पुढे सरकले, तिरके झोपले. जुन्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये ऑइलच्या वर मोकळी हवा असे. तिरकं करून जोरात हलवल्यावर दोन्ही मिसळून फेस व्हायचा, आणि पिस्टनला ऑइलऐवजी फेस मिळाला की तो जवळजवळ विनाविरोध सरकतो. यावरचा उपाय तयार होता. द कारबोन या फ्रेंच अभियंत्याच्या एकेरी नळीच्या रचनेत ऑइल आणि दाबाखालचा वायू यांच्यामध्ये एक सरकता पिस्टन असतो, त्यामुळे दोघांची भेटच होत नाही. बेल्जियमच्या लुसिएन टिल्केन्स यांच्या कल्पनेवरून यामाहाने केलेल्या मोनोशॉक, म्हणजे मागे एकच शॉकअप असलेल्या, गाडीत याच जातीचा डँपर होता, आणि हॉकन अँडरसनने 1973 मध्ये यामाहावर 250 सीसीचं विश्वविजेतेपद मिळवलं.

इथे एक साधा प्रश्न पडतो: वायू हवाच कशाला? नळी पूर्ण ऑइलने भरून टाकली तर? मग शॉकअप दबणारच नाही. रॉड आत शिरतो तेव्हा तो जागा व्यापतो. 12 मिलिमीटरचा रॉड 100 मिलिमीटर आत गेला की सुमारे 11 मिलिलिटर जागा लागते, आणि ऑइल दाबून तेवढं लहान होत नाही. वायू मात्र होतो. शिवाय त्या वायूचा दाब ऑइलवर सतत राहिल्यामुळे पिस्टनमागे बुडबुडे धरत नाहीत.

आता उघडायला घेऊ. आधी वायू सोडायचा. त्याआधी कशालाही पान्हा लावायचा नाही. दाबाखालचं झाकण सुटलं तर ते थेट तोंडावर येतं. पुष्कळ जुने शॉकअप उघडण्यासाठी बनवलेलेच नव्हते, त्यांची कड दाबून कायमची बंद केलेली असते. अशांची कड लेथवर कापून, आटे पाडून, नवं झाकण बसवतात. ते काम घरगुती नव्हे.

रॉडभोवती बसून ऑइल अडवणारं रबरी ऑइल सील तर बदलायचंच. रबर नुसतं पडून राहिलं तरी ऑक्सिजनमुळे कडक होतं, त्याची ओठासारखी कड रॉडला घट्ट धरत नाही. पण निव्वळ सील बदलून समाधान मानणाऱ्यांचा शॉकअप थोड्याच दिवसांत पुन्हा गळतो, कारण खरा गुन्हेगार रॉड असतो. त्यावरच्या हार्ड क्रोमच्या थराला गंजाने खळगे पडलेले असतात आणि प्रत्येक फेरीला तो नव्या सीलवर कानस चालवतो. रॉडवरून नख फिरवा. ते कुठेही अडकलं तर रॉड घासून पुन्हा क्रोम करून घ्यावा किंवा नवा बनवावा. माझ्या मते पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत, चकचकीत बॉडीवर नाही.

पिस्टनवर स्प्रिंग पोलादाच्या पातळ चकत्यांची चळत असेल तर ती उतरवताना क्रम आणि दिशा न बदलता तारेत ओवून ठेवा. साध्या भोकातून ऑइल ढकलताना विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून नुसत्या भोकांचा शॉकअप सावकाश चालताना ढिला आणि तीक्ष्ण दगडावर एकदम ताठ वाटतो. चकत्या वेग वाढला की वाकून वाट मोठी करतात. चकतीचा कडकपणा जाडीच्या तिसऱ्या घातात वाढतो: 0.2 मिलिमीटरची एक चकती 0.1 च्या दोन चकत्यांपेक्षा चौपट ताठ. ‘जाडी तीच झाली ना’ म्हणून अदलाबदल केली की गाडी पार वेगळी वागते.

ऑइल घेताना डब्यावर दाटपणासाठी लिहिलेल्या ‘5 डब्ल्यू’ला फारसा अर्थ नाही, दोन कंपन्यांच्या त्याच आकड्यात बराच फरक निघतो. 40 अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक), ते बघावं. भरल्यावर रॉड अगदी सावकाश खाली-वर करत, बॉडीवर टकटक करत बुडबुडे बाहेर काढायचे. हे कंटाळवाणं काम आहे आणि घाई नेमकी इथेच होते. दिशा बदलताना रॉड किंचित रिकामा सरकला तर हवा अजून आत आहे.

शेवटी नायट्रोजन. तो काही जादूचा वायू नाही. साध्या हवेत तो 78 टक्के असतोच. उरलेल्यातला ऑक्सिजन आणि ओलावा गरम ऑइलला आणि धातूला नको असतो, एवढंच. दाब त्या शॉकअपच्या माहितीपत्रकाप्रमाणे भरावा. 10 बार भरला, तर 12 मिलिमीटरच्या रॉडवर सुमारे 113 न्यूटन, म्हणजे साडेअकरा किलोचा रेटा बाहेरच्या दिशेने येतो. त्यामुळे वायू निघून गेलेल्या शॉकअपवर जमवलेलं प्रीलोड आता जास्त ठरतं. गाडीवर पूर्ण पोशाखात बसून मागचा भाग किती खाली येतो ते पुन्हा मोजायचं आणि स्प्रिंगचं प्रीलोड कमी-जास्त करणारी कॉलर त्याप्रमाणे फिरवायची.