ऑनलाइन चाचणी: सरावाची की गुणांची?

बारावीपर्यंत दर आठवड्याला टेस्ट देणारा मराठवाड्यातला विद्यार्थी पदवीला आला की थेट सत्राअखेरीलाच प्रश्नपत्रिका पाहतो. १९९०च्या दशकात लातूर पॅटर्नचा, म्हणजे दहावी-बारावीच्या तयारीच्या तिथल्या पद्धतीचा, राज्यभर गवगवा झाला. पेपर सोडवायचा, चुका पाहायच्या, पुन्हा सोडवायचा, असा त्यातला मोठा भाग सरावाचा होता. पदवी महाविद्यालयांनी त्यातलं फारसं काही उचललं नाही. अंतर्गत गुणांसाठी एखादी टेस्ट, एखादं ट्युटोरियल, तेही बरेचदा कागदोपत्री.

संगणकावर प्रश्न विचारण्याचे प्रयोग अमेरिकेत १९६०च्या सुमारास सुरू झाले. त्याहून कामाचं म्हणजे २००६चं तिथलंच एक संशोधन. पाच मिनिटांनी विचारलं तर उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवडाभरानं मात्र वाचनानंतर आठवून लिहायला लावलेल्यांच्या लक्षात जास्त राहिलं. म्हणजे चाचणी हाच अभ्यासाचा भाग. लातूरकरांना हे अनुभवानं ठाऊक होतं म्हणा!

मूडल हे ऑनलाइन अभ्यासक्रम आणि चाचण्या चालवण्याचं सॉफ्टवेअर २००२मध्ये आलं, तेही मोफत. पण त्याला सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. खरा फरक २०१६मध्ये पडला. गूगल फॉर्ममध्ये उत्तरं आपोआप तपासणारी क्विझची सोय झाली आणि त्याच वर्षी जिओमुळे डेटा स्वस्त झाला. घरात एकच स्मार्टफोन असला तरी संध्याकाळी दहा प्रश्न सोडवणं शक्य झालं.

मग मार्च २०२० उजाडला. महाविद्यालयं बंद झाली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'प्रश्नमंजुषा' धो धो वाहू लागल्या. कुठल्याही विषयावर वीस-पंचवीस प्रश्न सोडवा, ठरावीक गुण मिळवा आणि ई-प्रमाणपत्र घ्या. अभ्यासक्रमाशी संबंध असलाच तर योगायोगानं. महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फायलीत उपक्रम म्हणून त्या शोभल्या, एवढाच त्यांचा उपयोग.

चाचणीच्या वाटचालीला खरं वळण दिलं ते अंतिम वर्षाच्या परीक्षेच्या वादानं. राज्य सरकारला ही परीक्षा नको होती, केंद्रीय पातळीवरून ती हवीच असा आग्रह होता. २८ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परीक्षेविना पदवी देता येणार नाही, मुदत मात्र वाढवून मागता येईल. वेळ कमी, केंद्रं बंद, तपासणीला माणसं नाहीत. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये राज्यात बहुतेक ठिकाणी बहुपर्यायी प्रश्नांवर परीक्षा उरकल्या गेल्या. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता, असं बचावात म्हटलं जातं. ते पटण्यासारखंही आहे. पण जे साधन चुकायला मोकळीक देण्यासाठी होतं, त्याच्यावर पदवी टांगली गेली. उत्तरं ग्रुपवर फिरू लागली, रेंज गेली की वर्ष जाईल ही धास्ती बसली आणि प्राध्यापकांच्या मनात 'ऑनलाइन म्हणजे कॉपी' हे समीकरण पक्कं झालं. विद्यार्थ्यांची धारणा उलट झाली: ऑनलाइन म्हणजे सोपं. २०२२च्या उन्हाळ्यात लेखी परीक्षा परतल्या तेव्हा राज्यभर झालेल्या विरोधाचं मूळ इथंच सापडतं.

'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांत सराव आणि गुणांचा हा तोल वेगळ्या तऱ्हेनं सांभाळलेला दिसतो. एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याच्या असाइनमेंटपैकी उत्तम आठच धरतात, त्यांना २५ टक्के भार, आणि उरलेले ७५ टक्के केंद्रावर समोरासमोर दिलेल्या परीक्षेला. एखाद-दुसरी चाचणी हुकली किंवा बिघडली तरी चालतं. ऊसतोडीसाठी कुटुंबासोबत स्थलांतर करणाऱ्या बीडकडच्या मुलांना अशा सवलतीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून पदवीचं पहिलं वर्ष सुरू झालं आणि सतत मूल्यमापनाचा विषय पुन्हा ऐरणीवर आला. गूगल फॉर्म आता सगळ्यांना येतो. कुणी तो तासापुरता उघडून गुण नोंदवतं, कुणी आठवडाभर खुला ठेवून कितीही वेळा सोडवू देतं आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली कारण लिहितं. दुसऱ्या प्रकाराला मेहनत जास्त लागते आणि अंतर्गत गुणांच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नसतो.