सिकंदराची मायबोली कोणती होती?

इसवी सनपूर्व ३३०. मॅसिडोनियाचा राजा सिकंदर याचे सैन्य आजच्या अफगाणिस्तानात तळ देऊन होते आणि त्याच्या घोडदळाचा सेनापती फिलोतास याच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला होता. रोमन इतिहासकार कर्टियस सांगतो, सिकंदराने त्याला सर्वांसमक्ष विचारले: तुझा न्याय मॅसिडोनियन सैनिक करणार आहेत, त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलणार का? फिलोतास म्हणाला, इथे मॅसिडोनियनांखेरीज इतरही पुष्कळ आहेत. राजा ज्या भाषेत बोलला तीच मी वापरली तर सगळ्यांना नीट कळेल. सिकंदराने हे उत्तर त्याच्यावरच उलटवले. पाहा, याला आपल्या भाषेचाही तिटकारा आहे!

दोन वर्षांनी समरकंदमध्ये मेजवानी चालू असताना क्लेइतोस या जुन्या सहकाऱ्याशी सिकंदराची बाचाबाची झाली आणि शेवटी त्याने क्लेइतोसला भाल्याने मारले. त्याआधी त्याने आपल्या रक्षकांना ‘मॅसिडोनियन भाषेत’ ओरडून हाक मारली, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो. प्रकरण हाताबाहेर गेल्याची ती खूण होती, हेही तो आवर्जून सांगतो.

म्हणजे दरबारात आणि फौजेत वावरणारी एक भाषा होती आणि घरची, जवळची अशी दुसरी होती. ती दुसरी कोणती? ग्रीकचीच एखादी रांगडी बोली, की ग्रीकची बहीण म्हणावी अशी स्वतंत्र भाषा? गेली दोनशे वर्षे विद्वान यावर भांडत आले आहेत. भांडण इतके लांबण्याचे कारण सोपे आहे. या भाषेबद्दल लिहिलेले भरपूर सापडते, पण या भाषेत लिहिलेले जवळपास काहीच सापडत नाही.

पुढे जाण्याआधी एक घोळ निस्तरायला हवा. आज उत्तर मॅसिडोनिया या देशात जी मॅसिडोनियन भाषा बोलतात ती दक्षिण स्लाव्ह गटातली, बल्गेरियनला जवळची. स्लाव्ह लोक बाल्कनमध्ये आले ते इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकांत, सिकंदरानंतर नऊशे वर्षांनी. ग्रीस आणि त्या देशातला नावाचा वाद २०१८ च्या प्रेस्पा कराराने मिटला, तेव्हा ही भाषा स्लाव्ह गटातली असून प्राचीन ग्रीक वारशाशी तिचा संबंध नाही, असे त्या करारातच नमूद झाले. नाव तेच, भाषा वेगळी. इथे जी चर्चा आहे ती जुन्या भाषेची.

जुन्या वादातही राजकारण पहिल्यापासून शिरलेले आहे. मॅसिडोनियाचे राजघराणे स्वतःला पेलोपोनीजमधल्या आर्गोसहून आलेले मानत असे. इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा राजा पहिला अलेक्झांडर ऑलिंपिकमध्ये धावायला उतरला, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी हा ग्रीक नाही म्हणून हरकत घेतली. त्याने आर्गोसचे मूळ सिद्ध केले आणि पंचांनी त्याला ग्रीक ठरवले, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. दीडशे वर्षांनी वक्ता डेमोस्थेनिस अथेन्सच्या सभेत सिकंदराचा बाप फिलिप याच्याबद्दल गरजला, की हा ग्रीक तर नाहीच, पण सांगण्यासारख्या परक्या मुलखातलाही नाही. याच्या देशातून धड गुलामसुद्धा मिळत नसे. हे युद्धाच्या तोंडावरचे भाषण आहे, भाषाशास्त्राची साक्ष नव्हे. तरी १८२५ मध्ये कार्ल ओटफ्रीड म्यूलर या जर्मन विद्वानाने मॅसिडोनियन लोकांना पश्चिम बाल्कनमधल्या, ग्रीक नसलेल्या इलिरियनांच्या गोतावळ्यात बसवले आणि १९०६ मध्ये ओटो होफमान याने त्यांना पक्के ग्रीक ठरवले, तेव्हा दोघांच्याही हाती असलेले पुरावे असेच होते: इतरांनी मारलेले शेरे आणि सुटे शब्द.

मॅसिडोनियनांनी स्वतः का लिहून ठेवले नाही? कारण लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी अथेन्सची ग्रीक उचलली. इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस राजा आर्केलाओसने पेल्ला येथील दरबारात नाटककार युरिपिडीसला बोलावून घेतले. फिलिपच्या काळात दरबार आणि दफ्तर अथेनी वळणाच्या ग्रीकमध्ये चालू लागले, त्याच्या मुलाला शिकवायला ॲरिस्टॉटल आला. पुढे हीच भाषा ‘कोइने’ म्हणून इजिप्तपासून कंदाहारपर्यंत पसरली. अशोकाने कंदाहारला ग्रीकमध्ये आज्ञा कोरवल्या त्या याच कोइनेत. जगभर ग्रीक पोचवली ती मॅसिडोनियनांनी, आणि त्या ओघात त्यांची घरची बोली वाहून गेली. इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमी या मॅसिडोनियन घराण्यातल्या काही राजांनी तर मॅसिडोनियन बोलणेच सोडून दिले होते, असे प्लुटार्क क्लिओपात्राबद्दल लिहिताना नोंदवतो.

उरले ते शब्द. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेसिखिओसने दुर्मीळ शब्दांचा मोठा कोश केला. त्यात बरेच शब्द मॅसिडोनियन म्हणून दिले आहेत. काही ग्रीकशी सहज जुळतात, काही कशाशीच जुळत नाहीत. पण खरी गंमत एका ध्वनीत आहे, आणि ती मराठी कानाला चटकन कळेल.

त्या काळच्या ग्रीकमधला ‘फ’ आपल्या फळातल्यासारखा, हवा सोडून उच्चारला जाणारा होता. मॅसिडोनियन लोक त्या जागी ‘ब’ म्हणत. प्लुटार्क उदाहरणे देतो: फिलिप्पोसचा बिलिप्पोस, फालाक्रोसचा बालाक्रोस. टॉलेमी घराण्यातल्या राण्यांचे बेरेनिके हे नाव म्हणजे ग्रीक फेरेनिके, ‘विजय आणणारी’. यातला ‘फेर’ हा धातू म्हणजे आपल्या संस्कृतातला भरति. संस्कृतात भ, ग्रीकमध्ये फ, मॅसिडोनियनमध्ये ब. भुवईचेही तसेच: संस्कृत भ्रू, ग्रीक ओफ्रूस, आणि हेसिखिओसच्या कोशातला मॅसिडोनियन शब्द आब्रूतेस.

मूळ इंडो-युरोपीय भाषेत इथे भ होता. त्याचा ग्रीकमध्ये फ झाला. मॅसिडोनियनमध्ये थेट ब झाला असेल, तर ती शाखा ग्रीकचा फ तयार होण्याआधीच वेगळी झाली, म्हणजे बोली नव्हे, बहीण. कित्येक अभ्यासकांनी हाच निष्कर्ष काढला. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो.

पण डोके या अर्थाच्या एका शब्दाने त्याला छेद दिला. ग्रीकमध्ये केफाले, जुने व्याकरणकार मॅसिडोनियन रूप केबाले असे देतात. मुळात या शब्दात घ आणि भ असे दोन महाप्राण, म्हणजे हवेच्या झोतासह उच्चारले जाणारे ध्वनी, होते. ग्रीकमध्ये त्यांचे ख आणि फ झाले. पाठोपाठच्या अक्षरांत दोन महाप्राण आले की पहिल्यातली हवा गळून पडते. म्हणून ख चा क झाला. हेच संस्कृतातही घडते. आपण धधामि म्हणत नाही, दधामि म्हणतो. भभूव नाही, बभूव. हा नियम १८६३ मध्ये मांडणारा हेर्मान ग्रासमान ऋग्वेदाचा कोशकारही होता. आता पाहा: मॅसिडोनियन जर आधीच वेगळी झाली असती, तर घ चा ग होऊन शब्द ‘गेबाले’ व्हायला हवा होता. तो आहे केबाले. पहिला क सांगतो की शब्द ग्रीकच्या घडणीतून आधी गेला आणि फ चा ब त्यानंतर झाला. एका शब्दावर सगळी इमारत उभी करू नये, हे मान्य. पण या युक्तिवादाइतका स्वच्छ युक्तिवाद या साऱ्या वादात दुसरा नाही, असे मला वाटते.

त्यानंतर १९८६ मध्ये पेल्लाच्या दफनभूमीत शिशाचा एक गुंडाळलेला पत्रा सापडला. काळ इसवी सनपूर्व चौथ्या शतकाचा, फिलिप सत्तेवर येण्याच्या आसपासचा किंवा थोडा आधीचा. ही एका बाईने केलेली करणी आहे. दिओनिसोफोन नावाच्या पुरुषाचे थेतिमा नावाच्या बाईशी लग्न होऊ नये म्हणून तिने मजकूर कोरून तो पत्रा थडग्यात पुरला आणि माक्रोनला, बहुधा त्या थडग्यातल्या मृतालाच, आणि भुतांना साकडे घातले. मी हे पुन्हा उकरून, उलगडून वाचेन तेव्हाच त्याचे लग्न होवो, त्याआधी नाही. त्याने माझ्याखेरीज कोणाशीही लग्न करू नये, मीच त्याच्यासोबत म्हातारी व्हावे. थेतिमाचा नाश होवो, मला सुख लाभो.

हा दरबारी दस्तऐवज नाही, राजाचे भाषण नाही, परक्याने ऐकीव लिहिलेले नाही. राजधानीतल्या एका दुखावलेल्या बाईचे, कोणी जिवंत माणूस वाचणार नाही या भरवशावर लिहिलेले बोल आहेत. आणि ते ग्रीक आहेत. मात्र अथेन्सचे ग्रीक नाहीत. ‘जेव्हा… तेव्हा’ यासाठी अथेन्सचा माणूस होपोते आणि तोते लिहील; इथे होपोका आणि तोका आहे. अथेन्समध्ये ज्या जागी दीर्घ ‘ए’ येतो तिथे इथे दीर्घ ‘आ’ टिकून आहे. ही लक्षणे वायव्य ग्रीसच्या, डोरिक वळणाच्या बोलींची. एका ठिकाणी ‘दीनवाणी’ या अर्थाचा तापेइना हा शब्द द ने सुरू केलेला दिसतो, असे काही अभ्यासक वाचतात. ते वाचन बरोबर असेल, तर ‘त’सारखा अघोष ध्वनी ‘द’सारखा घोष करण्याची तीच मॅसिडोनियन खोड इथेही डोकावते.

याच्या प्रकाशात रोमन इतिहासकार लिव्हीचे एक जुने वाक्य वेगळेच वजन घेते. इसवी सनपूर्व २०० च्या सुमारास मॅसिडोनियाचा वकील इटोलियन लोकांच्या सभेत म्हणाला, की इटोलियन, आकार्नानियन आणि मॅसिडोनियन एकच भाषा बोलतात. पहिले दोघे वायव्य ग्रीक बोलणारे. पूर्वी हे वाक्य वकिली गोडबोलेपणा म्हणून बाजूला सारता येत असे. पत्र्यानंतर तसे करणे अवघड झाले.

आज बहुतेक अभ्यासक मॅसिडोनियनला वायव्य ग्रीकजवळची बोली मानतात. तो ‘ब’ कुठून आला यावर मात्र एकमत नाही. क्लोद ब्रिक्स यांना त्यामागे त्या भूमीत आधी राहणाऱ्या फ्रिजियनांचा प्रभाव दिसतो. हिरोडोटसही सांगतो की फ्रिजियन आशियात जाण्यापूर्वी ब्रिगेस या नावाने मॅसिडोनियनांचे शेजारी होते. मिल्टिआदिस हात्झोपुलोस यांच्या मते हा बदल थेस्सलीच्या बाजूने, ग्रीकच्या आतूनच घडला. एकाच पत्र्यावरून याचा निवाडा होणार नाही; बोलीत लिहिलेला आणखी मजकूर मातीतून वर यायला हवा.

या बोलीचे काही शब्द मात्र भारतीय उपखंडातही कोरले गेले. मॅसिडोनियन पंचांगातल्या शेवटच्या महिन्याचे नाव ह्युपेरबेरेताइओस, त्यातही फ च्या जागी तोच ब. त्याच पंचांगातला पानेमोस महिना तक्षशिलेच्या पतिका या शक सरदाराच्या ताम्रपटात येतो: संवत्सर ७८, महाराज मोग याच्या काळात, पानेमोसचा पाचवा दिवस. कनिष्काच्या ११ व्या वर्षाच्या सुई विहार लेखात दाइसिओस महिना ‘दैसिक’ होऊन बसला आहे.