ब्रेक कमी लागणे (नवे पॅड व डिस्क बसवल्यानंतर)

मोटारीच्या डिस्क ब्रेकचे पॅड (घासणारे तुकडे) आणि ते ज्या फिरत्या चकतीला चिमटतात ती डिस्क, दोन्ही बदलल्यावर ब्रेक पूर्वीपेक्षा कमी लागणे. तक्रार दोन तऱ्हांनी येते : पेडल खोल जाते, किंवा पेडल घट्ट असूनही गाडी लवकर थांबत नाही. गॅरेजच्या बोलीत दोन्हींना एकच उत्तर मिळते, ‘पॅड अजून बसले नाहीत’, म्हणजे घासून घासून डिस्कशी पुरते जुळले नाहीत. दुसऱ्या तऱ्हेत ते पुष्कळदा खरे असते. पहिल्या तऱ्हेत ते बहुधा चुकते, कारण न बसलेल्या पॅडमुळे घर्षण कमी होते, पण पेडल मऊ पडून तळाशी जात नाही. जुन्या परिभाषेतील ‘गतिरोधक’ हा शब्द आता रस्त्यावरच्या उंचवट्याला चिकटला असल्याने येथे ‘ब्रेक’ हाच शब्द घेतला आहे. ‘डिस्क’ व ‘रोटर’ एकाच अर्थाने वापरले आहेत.

पूर्वपीठिका

डिस्क ब्रेकच्या उगमाचा मान कोणाचा, याबद्दल एकमत नाही. अमेरिकन संशोधक एल्मर अँब्रोझ स्पेरी यांनी १८९८ च्या सुमारास क्लीव्हलँड येथे बनवलेल्या विजेच्या मोटारीच्या पुढील चाकांना चकतीवर लागणारे ब्रेक होते, असे सांगितले जाते. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांचे पेटंट १९०२ चे आहे. चाकाबरोबर फिरणारी पातळ चकती दोन्ही बाजूंनी चिमटणे ही आजची मांडणी त्यात स्पष्ट ओळखू येते, म्हणून बहुतेक लेखक लँचेस्टर यांच्याकडे झुकतात व ते रास्त वाटते. लँचेस्टर यांच्या ब्रेकात घासणारा भाग तांब्याचा होता. धातूवर धातू घासून कर्कश आवाज होई आणि तेव्हाच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबे भराभर झिजे. पुढे हर्बर्ट फ्रूड यांनी अ‍ॅस्बेस्टसयुक्त अस्तर वापरात आणल्यावर आवाज आणि झीज दोन्ही आवाक्यात आले. ‘ब्रेक बसणे’ ही कल्पनाही या अस्तराबरोबरच आली असावी. ड्रम ब्रेकच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून शू दाबणाऱ्या ब्रेकच्या) काळात नव्या शूची गोलाई ड्रमच्या गोलाईशी जुळावी म्हणून अस्तर यंत्रावर घासून देत. त्या कामात अ‍ॅस्बेस्टसची धूळ मोठ्या प्रमाणावर उडे, आणि ती पद्धत बंद पडण्याचे ते एक कारण होय.

द्रवदाबाचे चारचाकी ब्रेक १९२१ च्या ड्यूझनबर्ग मोटारीत आले. डिस्क ब्रेकला प्रतिष्ठा मिळाली ती १९५३ च्या ल मां शर्यतीत डनलॉप डिस्क लावलेल्या जॅग्वारच्या विजयाने, आणि १९५५ च्या सित्रोएन डी. एस. पासून ते सामान्य मोटारीत रुळू लागले. यूरोपीय संघात अ‍ॅस्बेस्टसवरील बंदी २००५ मध्ये पूर्ण झाली. पॅडमधील तांब्यावर मर्यादा घालणारे कायदे वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या अमेरिकन राज्यांनी २०१० मध्ये केले. या फेरबदलांमुळे पॅडचे मिश्रण सतत पालटत राहिले आहे. एका मिश्रणाला लागू पडणारी पॅड बसवण्याची रीत दुसऱ्याला तशीच लागू पडेल असे नाही.

बलाचा हिशोब

पायाने पेडलावर २०० न्यूटन जोर दिला, पेडलाची तरफ चौपट आणि बूस्टरची (पायाचा जोर वाढवणाऱ्या साधनाची) मदत आणखी चौपट धरली, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलाच्या जोराने द्रव दाबणाऱ्या नळकांड्याच्या) दट्ट्यावर ३,२०० न्यूटन बल येते. सिलिंडर २२ मिमी. व्यासाचा असेल तर द्रवाचा दाब दर चौ. मिमी. ला सुमारे ८.४ न्यूटन (८४ बार) होतो. कॅलिपरचा (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचा) दट्ट्या ५४ मिमी. व्यासाचा असल्यास पॅड सुमारे १९,००० न्यूटन बलाने डिस्क चिमटतो. घर्षण गुणांक ०.४ असेल तर दोन्ही बाजू मिळून रोधक बल १५,००० न्यूटनांच्या आसपास भरते, गुणांक ०.२५ वर घसरला की ते साडेनऊ हजारांवर येते. गाडी तेवढ्याच अंतरात थांबवायची तर पायाला १.६ पट जोर द्यावा लागेल. पेडलाची उंची मात्र फारशी बदलणार नाही.

याउलट पॅड आणि डिस्क यांमध्ये पुढील प्रत्येक चाकाला केवळ अर्धा मिमी. जादा फट राहिली, तर ती भरून काढायला मास्टर सिलिंडरचा दट्ट्या सुमारे ६ मिमी. अधिक सरकावा लागतो. चौपट तरफेमुळे पेडल २४ मिमी. खाली जाते. घर्षण तेवढेच, पण चालकाला वाटते ब्रेक गेले.

पॅड बसणे

नव्या डिस्कवर गंजरोधक तेल किंवा लेप असतो. तेल क्लीनरने पुसून काढायचे असते. जस्तयुक्त लेप मात्र पॅडच घासून काढतो आणि तोवर ब्रेक कमी लागतात. तेल पुसायचे राहिले तर ते पॅडमध्ये मुरते, आणि असा पॅड तापवून वा घासून पुन्हा भरवशाचा करता येत नाही, तो बदलावा लागतो. तेलकट बोटांनी किंवा ग्रीसच्या हाताने पॅडचा घासणारा भाग धरल्यानेही थोड्या प्रमाणात हेच घडते.

लेप गेल्यावरही डिस्क आणि पॅड पूर्ण भिडत नाहीत. डिस्कच्या पृष्ठावर लेथच्या वा ग्राइंडरच्या बारीक रेघा असतात, पॅडचा पृष्ठभाग पूर्ण सपाट नसतो आणि सुरुवातीला त्याचे काही ठिपकेच टेकतात. डिस्क जुनी ठेवून पॅड नवे घातले तर जुन्या डिस्कच्या कडेला राहिलेल्या कंगोऱ्यावर पॅड चढतो व स्पर्श आणखी घटतो.

घर्षण कसे घडते याची दोन रूपे सांगतात. एकात पॅडमधील कठीण कण बिडाची डिस्क खरवडतात. दुसऱ्यात पॅडच्या द्रव्याचा अतिशय पातळ थर डिस्कवर चढतो आणि पुढे पॅड त्या थरावरच घासतो. त्याच्या पृष्ठभागाशी बंध तुटत-जुळत राहतात व त्यात ऊर्जा खर्च होते. खरवडण्यावर भर देणारी मते जुनी आहेत. अलीकडचे बहुतेक लेखक दोन्ही क्रिया एकाच वेळी चालतात असे मानतात. पोलादी तंतू जास्त असलेल्या मिश्रणात पहिलीचा वाटा मोठा आणि सेंद्रिय वा ‘सिरॅमिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणात दुसरीचा. पॅड बसावेत म्हणून ब्रेक तापवून लावण्याची रीत हा थर समान चढावा यासाठीच आहे. चांगला थर चढलेली डिस्क ओळखता येते : चांदीसारखी चकाकी जाऊन कडेपासून कडेपर्यंत एकसारखी करडी, किंचित निळसर झाक येते आणि यंत्राच्या रेघा पुसट होतात. मध्येच चमकदार पट्टा राहिला असेल तर तिथे पॅड टेकत नाही असे समजावे.

पॅडमधील कण फिनॉलिक राळेने बांधलेले असतात. पॅड पहिल्यांदा खूप तापला की राळेतील उरलेले बाष्पशील घटक वायू होऊन बाहेर पडतात आणि पॅड व डिस्क यांमध्ये क्षणभर वायूची पातळ गादी तयार होते. पहिल्याच उतारावर नवे पॅड एकाएकी ढिले वाटण्यामागे बहुधा हेच असते. काही उत्पादक पॅडचा पृष्ठभाग कारखान्यातच भाजून देतात. अशा पॅडना हा टप्पा सौम्य जातो.

ब्रेक तापवून पॅड बसवण्याच्या रीतीबद्दल उत्पादकांत फरक आहे. अमेरिकेत ‘तीस-तीस-तीस’ असा संकेत चालतो : ताशी ३० मैलांवरून (सु. ४८ किमी.) तीस वेळा हळुवार थांबणे, प्रत्येक वेळेच्या मध्ये तीस सेकंद. इतर सूचनांत ताशी ८० किमी.च्या आसपासून आठ-दहा वेळा मध्यम जोराने वेग उतरवण्यास सांगितलेले असते. पॅडच्या खोक्यातील कागद हाच अंतिम आधार धरावा. दोन गोष्टी सर्वत्र समान आहेत. तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून गाडी उभी ठेवायची नाही, कारण त्या एका जागी पॅडचे द्रव्य जाड चिकटते. आणि शेवटी काही किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालवून डिस्क थंड होऊ द्यायची.

जाड चिकटलेल्या ठिपक्यांमुळे पुढे पेडल थरथरते आणि लोक म्हणतात, ‘डिस्क वाकली’. उष्णतेने डिस्क खरोखर वाकते की जाडीतील सूक्ष्म फरक हीच मुळातली गोष्ट, हा वाद जुना आहे. वाकण्याची उदाहरणे आहेत, पण बहुतेक थरथर जाडीतील एक-दोन शतांश मिमी. फरकाने उद्भवते, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. ठिपक्याखालचे बीड पुनःपुन्हा अतितप्त झाले तर तेथे सिमेंटाइट हा कठीण घटक तयार होतो व डिस्क घासून घेऊनही दोष परततो. ही तक्रार कमी ब्रेकची नव्हे, पण ग्राहक दोन्ही एकत्रच सांगतो.

पॅडच्या कडेवर ‘ई’, ‘एफ’, ‘जी’ यांपैकी दोन अक्षरे छापलेली असू शकतात. पहिले थंड, दुसरे तप्त स्थितीचे : ‘ई’ म्हणजे गुणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ ०.३५ ते ०.४५, ‘जी’ ०.४५ ते ०.५५. ही चाचणी पॅडच्या लहान तुकड्यावर होते, त्यामुळे गाडीवरचे आकडे तिच्याशी ताडून पाहू नयेत. तरी मूळचा पॅड ‘एफएफ’ असता ‘ईई’ बसवला असेल तर पॅड बसेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

पेडल मऊ वा खोल असल्यास

पॅड बदलताना दट्ट्या मागे ढकलावा लागतो. काम संपल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल पुष्कळदा दाबून दट्टे पुन्हा पॅडला भिडवले नाहीत, तर पहिला ब्रेक थेट तळाला जातो. हा दोष नव्हे, विसर आहे, पण अपघात याचेच होतात.

पेडल पुनःपुन्हा दाबल्यावर वर येत असेल आणि थोड्या वेळाने पुन्हा खोल जात असेल, तर ब्रेक तेलात (म्हणजे वरील द्रवात) शिरलेली हवा किंवा पॅड व डिस्क यांमधील फट यांचा संशय घ्यावा. डावा व उजवा कॅलिपर अदलाबदल झाले तर हवा काढायचे निप्पल वर येण्याऐवजी खाली येते. कितीही तेल सोडले तरी वरचा बुडबुडा हलत नाही. ही चूक फक्त कॅलिपर पूर्ण काढले असतील तरच होते आणि डोळ्यांनी एका नजरेत दिसते, तरीही अनेक जण ती शेवटी तपासतात. हवा काढताना टाकी रिकामी झाली असेल तर बुडबुडे एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) खोक्यात जातात. ते काढायला पुष्कळ गाड्यांत स्कॅनर लावून आतले व्हॉल्व्ह उघड-मिट करावे लागतात.

नेमके चाक शोधायला प्रत्येक चाकाकडे ब्रेक तेल नेणारा रबरी होस (नळी) गुळगुळीत जबड्याच्या क्लँपने चिमटतात. चारही होस बंद असताना पेडल दगडासारखे झाले तर मास्टर सिलिंडर ठीक. मग एकेक क्लँप सोडत जावे. ज्या चाकाचा सोडल्यावर पेडल खाली जाते, दोष त्या चाकाशी. जुन्या, तडे गेलेल्या होसवर हा प्रयोग करू नये.

पेडल स्थिर जोराने धरून ठेवल्यावर सावकाश खाली सरकत असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतले सील गळत आहे. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबले जाते तेव्हा सील सिलिंडरच्या एरवी न वापरलेल्या, गंजलेल्या भागावरून जाते आणि फाटते. म्हणजे काम नीट करूनही नवा दोष निर्माण होऊ शकतो. म्हणून पेडलाखाली लाकडी ठोकळा ठेवण्याची जुन्या मिस्त्रींची सवय आहे.

फटीची कारणे : हब (चाकाचा तुंबा) न घासता त्यावर डिस्क बसवणे (गंजाच्या पापुद्र्याने डिस्क तिरकी फिरते व दट्ट्या मागे ढकलला जातो), वाकलेली पाठपत्री (पॅडची धातूची पाठ), एकावर एक घातलेले शिम (पॅडमागचे पातळ पत्रे), अडकलेली स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती). पिनेला खनिज तेलाचे ग्रीस लावले तर तिचे रबर फुगते. मागे ड्रम असल्यास हँडब्रेक थोडा ओढून पेडल दाबून पाहावे. पेडल लगेच उंच लागले तर मागची फट जास्त आहे.

ब्रेक तेल पाणी शोषते. डॉट ४ या प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत किमान २३०° से., ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १५५° से. धरतात, डॉट ३ चे हे आकडे २०५° व १४०° आहेत. पॅड बसवताना ब्रेक मुद्दाम तापवले जातात, त्यामुळे जुने तेल नेमके तेव्हाच उकळते.

पेडल घट्ट, ब्रेक कमी

आधी बूस्टर पाहावा. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो. त्यानंतर चाक काढून पॅड पाहावेत. पॅडची धातूची पाठ डिस्ककडे करून बसवल्याची उदाहरणे विरळ नाहीत. क्लिपांवरच्या गंजात अडकलेला पॅड आणि आतून सुजलेला होस यांनीही एका चाकाचे बल घटते. कोरड्या रस्त्यावर, रिकाम्या जागी, मंद वेगात जोराने पेडल दाबून एबीएसची धडधड येत असेल तर ब्रेकचे बल पुरेसे आहे आणि तक्रार पायाच्या सवयीची असू शकते : झिजलेल्या पॅडच्या पेडलाला सरावलेला पाय नव्या पेडलाला बिचकतो.

विजेच्या व संकरित मोटारी

यांत वेग बराचसा मोटरच्या पुनर्निर्मितीने (गाडीच्या गतीतून परत वीज करण्याने) उतरतो, म्हणून पॅड बसायला जास्त अंतर लागते आणि डिस्कवर गंज सहज चढतो. काही गाड्यांत पेडल द्रवाशी थेट जोडलेले नसते, त्याचा ‘स्पर्श’ कृत्रिम असतो. अशा गाड्यांना पेडलावरून निदान करण्याचा वरील भाग लागू पडत नाही. विजेवर चालणारा हँडब्रेक असल्यास मागचा दट्ट्या ढकलण्यापूर्वी यंत्रणा दुरुस्ती-स्थितीत न्यावी लागते. तसे न करता जबरदस्ती केल्यास आतील स्क्रू मोडतो.