सूट दिली म्हणजे जाहिरात झाली का?

दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या अनेकांच्या वहीत ‘मार्केटिंग’ नावाचा एकच रकाना असतो. पेपरात घालून वाटलेली पत्रकं, इन्स्टाग्रामवरची जाहिरात आणि ‘यंदा सगळ्यावर १० टक्के सूट’, सगळं त्यातच. तिन्हींमागे हेतू एकच, ऑर्डरी वाढाव्यात. त्यामुळे गल्लत होते. पण सूट आणि जाहिरात यांचा हिशोब एका रकान्यात मावत नाही.

समजा, चकलीचा खर्च भाजणी, तेल, गॅस, मदतीला येणाऱ्या बाईंची मजुरी आणि पॅकिंग धरून किलोला ४०० रुपये पडतो. विक्री ५६० ला. किलोमागे १६० सुटतात, १०० किलो गेली की १६,०००.

आता १० टक्के सूट दिली. ती ५६० वर लागते, म्हणजे ५६ रुपये, आणि ते सगळेच्या सगळे त्या १६० मधून जातात. उरले १०४. सूट १० टक्के, पण नफा ३५ टक्क्यांनी खाली. तेच १६,००० मिळवायचे तर १५४ किलो चकली विकावी लागेल. वसुबारसेच्या आठवड्यात, आधीच रात्रीचे दोन वाजत असताना, वरची ५४ किलो तळायची कोणी?

१०० किलोंवर सुटीपोटी गेले असते तेवढेच ५,६०० रुपये जाहिरातीला लावले तर? किलोमागचे १६० शाबूत राहतात, त्यामुळे ३५ किलो जास्त खपली की पैसे वसूल. इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी वर लागतो, तेव्हा खरा खर्च ६,६०८ रुपये. स्वतःची जीएसटी नोंदणी नसल्याने त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळणार नाही असं धरलं, तरी ४२ किलोंत भागतं.

हा फरक पडतो कारण सूट माणूस बघत नाही. नव्या गिऱ्हाइकाला मिळते, तशी दरवर्षी भाव न विचारता पाच किलो नेणाऱ्या समोरच्या काकूंनाही मिळते. शिवाय जितकी विक्री वाढेल तितकी सूटही वाढत जाते. जाहिरातीचा आकडा तुम्ही ठरवाल तिथे थांबतो.

जाहिरातीतला धोकाही खराच आहे. पैसे आधी जातात आणि एकही ऑर्डर आली नाही तरी परत येत नाहीत. सूट विक्री झाली तरच द्यावी लागते, म्हणून ती सुरक्षित वाटते. माझ्या मते ती सुरक्षित कमी आणि अदृश्य जास्त आहे. तिचं बिल येत नाही, त्यामुळे सीझन संपल्यावर ‘विक्री तर भरपूर झाली, पैसे गेले कुठे?’ हा प्रश्न पडतो. आणि पुढच्या वर्षी सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहितंच, ‘मागच्या वेळी तर कमी भाव होता.’

म्हणून सूट देऊच नये असं नाही. बदल्यात काहीतरी मिळालं पाहिजे. नवरात्रात पूर्ण पैसे भरून नोंदणी करणाऱ्याला पाच टक्के द्यावेत. तेल-डाळीसाठी रोकड हातात येते, किती माल करायचा तेही आधी कळतं. फक्त पहिल्या ऑर्डरीपुरता कूपन हा मधला प्रकार. दिसायला सूट, पण जुन्या गिऱ्हाइकांना लागू नसल्याने काम जाहिरातीचं करतो. त्याचा खर्च मी जाहिरातीच्या रकान्यातच लिहीन. बाकीच्या सुटीसाठी वेगळा रकाना करावा आणि प्रत्येक ऑर्डरीसमोर सोडलेले रुपये मांडावेत, टक्के नव्हेत.

भाऊबीजेनंतर उरलेल्या करंज्यांना यातलं काहीच लागू नाही. त्यांचा खर्च होऊन गेलेला असतो आणि त्या रोज शिळ्या होत असतात. तिथे ३० टक्के सोडून त्याच दिवशी संपवाव्यात.