सॅल्मन तव्याला चिकटतोय? रविवारी फोन लावायच्या आधी हे वाचा

दर रविवारी साडेबारा-एकला फोन सुरू होतात. इकडे सुरमई कापून घ्यायला रांग लागलेली, हात माशाचे, आणि पलीकडून एखादी वहिनी म्हणणार, "अहो तुमच्या माशाचं कातडं तव्याला राहिलं आणि चुरा ताटात आला, शिळा होता काय?" शिळा नव्हता वहिनी. ओला होता.

आपल्याकडं मासा आणला की धुवायचा, हळद-मीठ-तिखट-लिंबू चोळायचं, अर्धा तास ठेवायचा आणि तसाच पाणी गळत तव्यावर. सुरमईला रव्याचा थर असतो म्हणून ते खपून जातं, सॅल्मनला नाही खपत. ओल्या कातडीतलं पाणी आटेपर्यंत ती तळली जातच नाही, नुसती उकडते आणि तव्याला धरून बसते, वर आपण दोन मिनिटात उलथनं घालतो, मग फाटणारच की.

म्हणून एवढं करा. आमचा सॅल्मन गोठलेला, हवा काढलेल्या पाकिटात असतो. आदल्या रात्री ते प्लास्टिक आधी फोडून मासा डब्यात घाला आणि डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बंद पाकिटात बर्फ सुटू द्यायचा नाही, ते धोक्याचं असतं. गरम पाण्यात टाकू नका आणि एकदा सुटलेला परत फ्रीजरला लावू नका. सकाळी सुती फडक्यानं दाबून पुसा, कातडीवर बोट फिरवलं तर चिकट-ओलं लागायला नको. मीठ तव्यावर टाकायच्या जरा आधी. हळद-तिखट घालायचंच असेल तर फक्त मांसाच्या बाजूला, कातडीला कांदा-लसूण मसाला लावलात तर मासा शिजायच्या आधी मसालाच करपतो. लिंबू ताटात पिळा.

बिडाचा तवा असेल तर उत्तम, नॉनस्टिकही चालतो. मध्यम आचेवर चांगला तापवा, चमचाभर शेंगदाणा तेल बास, सॅल्मनला स्वतःची चरबी भरपूर असते. कातडी खाली ठेवून तुकडी टाका, पहिले 10-15 सेकंद उलथन्यानं हलकं दाबून धरा कारण कातडी आकसून वर येते, आणि मग हात लावू नका. खरंच लावू नका. बाजूनं बघत राहा, खालून फिकट गुलाबी रंग वर चढत येतो, आम्ही कापून देतो त्या इंचभर जाडीच्या तुकडीला साधारण 5-6 मिनिटं लागतात. रंग पाऊण उंचीवर आला की कोपऱ्याला उलथनं लावून बघा, सरकली तर पालटा, अडकली तर अजून मिनिटभर थांबा, कुरकुरीत झाली की ती स्वतःच तवा सोडते. दुसरी बाजू दीड-दोन मिनिटं, झालं.

वर पांढरं साय आल्यासारखं दिसतं ते खराब झाल्याचं लक्षण नाही, माशातलं प्रोटीन आहे, अंड्याच्या पांढऱ्यासारखं. लई आलं तर आच जास्त झाली समजा.

"फ्रोझन का देता, ताजा द्या" असं बरेच जण म्हणतात. हा मासा नॉर्वेच्या समुद्रातल्या शेतीतला, तिथून सांगलीपर्यंत नुसत्या बर्फात आठवडाभर आणलेल्यापेक्षा उणे 18 डिग्रीत गोठवून ठेवलेला मला जास्त भरवशाचा वाटतो, आणि तो फ्रोझन आहे हे आम्ही लपवत नाही. फक्त कच्चा खायला आम्ही देत नाही, सुशीवाल्या पोरांनी वाईट वाटून घेऊ नये. तळलेला मासा परत घेणं पण जमत नाही, गोठलेल्या पाकिटात काही खोट दिसली तर त्याच दिवशी घेऊन या, बदलून देतो.

रावसला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात म्हणून तोच हा असं समजू नका, रावस आपल्या किनाऱ्याचा पांढऱ्या मांसाचा वेगळाच मासा, सॅल्मनचा कुणी लागत नाही. पण रवा-मसाला लावून तळायचंच मनात असेल तर खरं सांगतो, रावसच न्या, स्वस्तात पडेल आणि मसाला अंगी लागेल.

सॅल्मनचे बारीक काटे आम्ही चिमट्यानं काढून, खवले घासून, सारख्या जाडीच्या तुकड्या करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत, फक्त शनिवारी संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर किती माणसं ते कळवा. कातडी मात्र काढून मागू नका, ती असली तरच तुकडी तव्यावर अखंड राहते, खायची नसेल तर ताटात सोडा, मांजर आहेच की. आणि फोन करायचाच असेल तर रविवारी अकराच्या आत करा.