जुनं डायव्हर घड्याळ विकण्याआधी उजळून घ्यावं का?

‘जुनं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठी बनवलेलं, घड्याळ विकायचंय? आधी केस, म्हणजे घड्याळाचं धातूचं कवच, पॉलिश करा, डायल रंगवून घ्या, भाव दुप्पट येईल,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. दागिने उजळून विकायची आपली रीत असल्यामुळे तो पटतोही. संग्राहकाच्या बाबतीत मात्र उलट घडतं.

पॉलिशच्या चाकावर धातू झिजतो. पट्टा अडकतो त्या लगच्या धारदार कडा गोल होतात आणि गेलेला धातू परत येत नाही. डायल रंगवणं तर त्याहून वाईट. मूळ छपाई गेली की गिऱ्हाईक अख्ख्या घड्याळावरच शंका घेतं. मुंबईच्या रंगवलेल्या डायली परदेशातल्या संग्राहकांनाही ठाऊक आहेत, त्यामुळे इथला माल ते जास्तच निरखून बघतात.

दहापट भिंगातून अक्षरं बघा. मूळ छपाईच्या कडा रेखीव असतात, रंगवलेलीत त्या बऱ्याचदा पसरट किंवा तिरक्या दिसतात. सहाच्या खाली ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ असेल, तर अंधारात चमकणारा रंग ट्रिटियम या किरणोत्सारी पदार्थाचा. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्माच उरतो. म्हणून १९७० च्या आसपासची अशी डायल टॉर्च दाखवल्यावर तासन्‌तास चमकत राहिली, तर तो रंग नंतर भरलेला आहे.

विकताना मऊ कोरड्या कापडाने पुसणं पुरे. बदलताना काढलेलं मूळ क्राऊन (चावीची कळ), बेझल (काचेभोवतीची कडी), जुनी काच टाकू नका, सोबत द्या. १९६० च्या आधीच्या डायलवर रेडियम हा किरणोत्सारी पदार्थ असू शकतो. असं घड्याळ उघडू किंवा डायल खरवडू नका, धूळ घातक असते.